मशीन नाही म्हणालं

"काका, सोनं सापडलं का?" असं किनाऱ्यावर कुणी विचारलं, की फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, माणूस नाणी शोधतोय, नाणी! पण लोकांच्या डोक्यात दुसरं काही शिरेल तर शपथ. सकाळी पळायला येणारे विचारायचे, कुत्री घेऊन येणाऱ्या बायका विचारायच्या, नुसते बाकावर बसून जांभया देणारेसुद्धा विचारायचे. "सापडलं ना, पोतंभर सापडलं, टेम्पोनं घरी पाठवलं," असं म्हणून फोरमन कानांवर हेडफोन चढवायचा आणि धातू शोधायच्या मशीनची ताटली वाळूवरून डावी-उजवी फिरवत पुढं चालू लागायचा.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्याला फोरमनच म्हणत. पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या कारखान्यात त्यानं उभी हयात काढली होती. प्रेसच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली, ती त्याच्याबरोबर घरी आली आणि घरातच राहिली. तो साधं पाणी मागायचा तरी शेजारच्यांना वाटायचं, भांडण जुंपलं. माणूस वाईट नव्हता हो. फक्त आपण बोललो म्हणजे विषय संपला, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

नाण्यांवर मात्र त्याचा जीव. मशीन "टूं" करून वाजलं की तो गुडघे टेकायचा, भोकं असलेल्या फावड्यानं वाळू उपसून चाळायचा, आणि तळाला एखादं काळं पडलेलं, कडा झिजलेलं नाणं उरलं की असा खुलायचा, की लग्नाच्या दिवशीही तो तसा खुलला नव्हता. हे त्याच्या बायकोचंच म्हणणं. कुणाच्या खिशातून पडलं असेल? पोहायला जाताना कपडे काढले तेव्हा, की पोरगं रडतंय म्हणून फुगा घ्यायला घाईनं हात घातला तेव्हा? कधीच बंद झालेली नाणी, परदेशातली नाणी, गंजून एकमेकांना चिकटलेली नाणी, सगळी तो गोड्या पाण्यात धुऊन खिडकीतल्या काचेच्या बरण्यांत ठेवायचा. विकायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत.

"घराचं भंगारचं दुकान केलंय नुसतं," बायको म्हणायची. "भंगारवाल्याला निदान चार पैसे तरी सुटतात."

त्याचं खरं वैर होतं ते थंड पेयांच्या डब्यांच्या कड्यांशी. लोक डबा फोडतात, कडी वाळूत फेकतात, डबा रिकामा करतात आणि जातात. मग फोरमननं गुडघे टेकायचे, कमरेतून कळ येईपर्यंत उकरायचं, आणि हाती काय, तर कडी! मशीनला एक बटण होतं. ते फिरवलं की हलक्या, पातळ धातूचा आवाज मशीन गिळून टाकायचं. कडी असो, सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद असो, त्यावरून ते गपचूप पुढं सरकायचं आणि जाडजूड नाणं आलं तरच तोंड उघडायचं. पहिल्याच उन्हाळ्यात फोरमननं वैतागून ते बटण फिरवलं आणि पुन्हा म्हणून त्याला हात लावला नाही. "जन्मभर झाकणं कापली, आता म्हातारपणी झाकणं उकरू काय?" असं तो म्हणायचा.

त्याचा दोस्त शिंपी मात्र सगळं उकरायचा. तोही मशीन घेऊन यायचा, पण त्याची पिशवी कड्या, खिळे आणि बाटल्यांच्या बुचांनी भरलेली. फोरमन त्याला भंगारशेठ म्हणायचा.

आणि मग अंगठीचं प्रकरण झालं.

फोरमनची सून बेकरीत कामाला होती. पहाटे पीठ मळणाऱ्यांतली, दंडानं भक्कम आणि बोटांनी बारीक. लग्नानंतर सासूनं तिला आपल्या आईची अंगठी दिली होती, सोन्याची पण तारेसारखी पातळ. ती तिच्या बोटात जरा ढिलीच बसायची. एका रविवारी सगळं घर किनाऱ्यावर गेलं, लेक-जावईही आले होते. सुनेनं नणंदेच्या छोट्या मुलीबरोबर वाळूचा किल्ला केला, हात कोपरापर्यंत ओले. निघायच्या वेळी तिनं बोटाकडं पाहिलं तर अंगठी नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांनी हातांनी वाळू उलथीपालथी केली, अंधार पडायला लागला तशी घरी आले.

सासू तेव्हा काही बोलली नाही. बोलली ती दोन-चार दिवसांनी, सुनेच्या भावानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकल्याची बातमी आली तेव्हा. "बहिणीची अंगठी वाळूत पडते काय आणि भावाचं दुकान उभं राहतं काय! मी काही दुधखुळी नाही." झालं. सुतावरून स्वर्ग गाठला बाईनं. पोळपाट आपटताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. मुलगा खालमानेनं जेवायचा आणि ऑफिसला पळायचा.

शेवटी सूनच म्हणाली, "आई, अंगठी तिथंच आहे. बाबांकडे मशीन आहे ना? बाबांना शोधू दे. मग तर पटेल?"

तिचा केवढा विश्वास त्या मशीनवर! आणि सासऱ्यावर.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळी वरात किनाऱ्यावर. फोरमननं जागा आखून घेतली, दोऱ्या बांधल्या, लेकीला आणि जावयाला मागं उभं राहायला सांगितलं. त्याला असं काम आवडायचं. ओळीमागून ओळ, वीतभरही जागा न सोडता त्यानं वाळू पिंजून काढली. मशीन वाजलं की सून पुढं धावायची, आणि दर वेळी निघायचं नाणं. त्यात एक निघालं मोठं, जाड, फार जुनं. फोरमन हरखला. जावयाला हाक मारली, थुंकी लावून अंगठ्यानं पुसून दाखवलं, हे नाणं कधी चालायचं, आता कसं मिळत नाही, सगळं सांगत बसला. सून बाजूला उभी राहून रिकामं बोट चोळत होती, ते त्याला दिसलंही नाही.

मग त्यानं हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि निकाल दिला. "अंगठी इथं नाही."

"बाबा, परत एकदा बघा ना. किल्ला इथंच होता."

"मशीन नाही म्हणालं म्हणजे नाही," फोरमन आपल्या कारखान्याच्या आवाजात म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही."

आता मशीन खोटं बोलत नाही, तर मग कोण बोलतं? त्यानं ते म्हटलं नाही, पण म्हणायला उरलं होतं काय? सासूनं "ऐकलंस?" म्हणून पदर खोचला. जावई चपलेतली वाळू झटकू लागला. मुलगा समुद्राकडं बघत राहिला, जणू तिथून जहाज येणार होतं. दुसऱ्या दिवशी सुनेनं बॅग भरली आणि भावाकडं निघाली. नवऱ्यानं काय केलं? तर बॅग जड होती म्हणून स्टॉपपर्यंत उचलून दिली. शाब्बास रे वाघा!

काही आठवडे गेले. घर शांत होतं आणि त्या शांततेत फोरमनचीच चिडचिड वाढत होती. चहा गोड झाला तरी ओरड, कमी गोड झाला तरी ओरड. आपण न्याय केला, मग चैन का पडत नाही, हे त्याला कळेना.

एका सकाळी शिंप्यानं लांबूनच हाक मारली. "फोरमन, इकडं ये! बघ भंगारशेठला काय मिळालं!" त्याच्या तळहातावर लहान मुलाच्या कानातली बाळी होती, सोन्याची, नखाएवढी.

"ठेव खाली, बघू कशी वाजते," फोरमन म्हणाला. नवीन काही दिसलं की त्यावरून ताटली फिरवायची, ही त्याची खोड. बाळी वाळूवर ठेवली. त्यानं ताटली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मशीन मुकं. वायर तुटली की काय म्हणून त्यानं खिशातलं नाणं शेजारी टाकलं. "टूं." नाणं काढलं, पुन्हा बाळी. मुकं.

"अरे, तुझं बटण बघ," शिंपी हसत म्हणाला. "कडी गाळतोस तर बाळीही गळणारच. पातळ सोनं आणि कडी, मशीनच्या कानाला दोन्ही सारखंच. मी काय सांगायचं, पहिल्या दिवशी तूच शिकवलंस की मला!"

खरं होतं. त्यानंच शिकवलं होतं. इतकी वर्षं नाणी नाणी करत राहिला आणि बटण फिरवलंय हेच विसरून गेला. कान बंद करून माणूस न्याय करायला बसला होता आणि वर म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही!

"काय रे, काय झालं? बस खाली," शिंपी म्हणाला.

"तू गप बस!" फोरमन गरजला, इतक्या जोरात की लांबचं कुत्रं भुंकायला लागलं. मग त्यानं हातातलं फावडं वाळूत आपटलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. शिंप्याला वाटलं, याला वेड लागलं. तोंडातून निघत होत्या त्या शिव्या शिंप्याला नव्हत्या, स्वतःलाच होत्या.

त्या दिवसापासून फोरमननं बटण उलटं फिरवलं आणि किल्ल्याच्या जागी पाय रोवला. मशीन पावलापावलावर किंचाळायला लागलं. कडी. बूच. कडी. कागद. कडी. कंबर मोडली, गुडघे सोलले, उन्हानं मान भाजली. वारा वाळू इकडची तिकडं करून ठेवायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. येणारे-जाणारे विचारायचे, "काका, सोनं?" आता तो मान खाली घालून उकरत राहायचा. संध्याकाळी बादलीभर कड्या घेऊन घरी आला की बायको कपाळावर हात मारायची. "नाणी संपली वाटतं समुद्रातली?"

"तोंड बंद ठेव," तो म्हणायचा. घरी त्यानं सांगितलं नाही. सापडली की सांगू, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. खरं तर सांगायची हिंमत नव्हती. असल्या गडगडाटी माणसाची फाटते तेव्हा तो अजूनच मोठ्यानं ओरडतो.

आणि एका दुपारी सापडली. खरखरीत, कडीचाच आवाज. फोरमननं कड्या करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत फावडं घातलं, वाळू चाळली, आणि भोकात अडकलेली ती पातळ अंगठी चमकली. तो तसाच वाळूत बसला. किती वेळ बसला कुणास ठाऊक, लाट येऊन पँट भिजली तेव्हा उठला.

घरी न जाता तो सरळ बेकरीत गेला. मागच्या दारानं, वाळूच्या चपलांनिशी. आत भट्टीचा जाळ, पीठ मळायच्या यंत्राची घरघर, आणि सून लांब फळीवरून पावांचे ट्रे ओढत होती.

"बाबा? तुम्ही?" तिनं हात पुसले. "घरी सगळे बरे आहेत ना?"

फोरमननं अंगठी पिठाच्या टेबलावर ठेवली. "सापडली," तो यंत्राच्या आवाजावर ओरडून म्हणाला. "तिथंच होती. तू म्हणालीस तिथंच. चूक माझी. बटण फिरवलेलं होतं माझं, पातळ सोनं ऐकूच येत नव्हतं मशीनला. मी गाढव आहे. चल, आत्ताच्या आत्ता घरी चल. एकेकाच्या तोंडावर मारतो ही अंगठी."

तिनं अंगठी उचलली नाही. नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि फोरमनला वाटलं, झालं, सुटलो. पण तिनं मनगटानं डोळे पुसले आणि मान वर केली, तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"म्हणजे ही सापडली म्हणून मी खरी."

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे बाबा. भरतीनं नेली असती तर मी जन्मभर चोर. तुमच्या घरात राहिले, तुमचं दुखलंखुपलं पाहिलं, हॉस्पिटलात तुमच्या उशाशी बसले. एकदा मला बाजूला घेऊन विचारलंत, 'काय गं पोरी, काय झालं?' नाही विचारलंत. मशीनला विचारलंत! आणि मी तिथं मरत होते तेव्हा तुम्ही जावयाला नाणं दाखवत होता."

फोरमनला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. सवयीनं राग वर आला, पण तो त्यानं गिळला. कामावरची माणसं हात थांबवून बघत होती.

"चूक झाली," तो म्हणाला. पहिल्यांदाच इतक्या हळू, की तिला वाकून ऐकावं लागलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी येते. पण आधी एक करा. अंगठी खिशात ठेवा. दाखवू नका, सापडली म्हणू नका. नुसतं सांगा, सून खरं बोलत होती. बस, एवढंच. बघा कोण ऐकतं ते. तुमचा मुलगा नुसतं 'हो' म्हणाला तरी उद्या बॅग घेऊन दारात उभी राहते. आणि मला फोन करून खरं काय ते सांगा."

"यात काय मोठं!" फोरमन म्हणाला. आपण बोललो म्हणजे विषय संपला, हे अजून त्याच्या हाडात होतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, चहाला बसला. बायको भाजी निवडत होती. फोरमन मधोमध उभा राहिला.

"सून खरं बोलत होती," त्यानं जाहीर केलं.

बायकोनं मान वर केली. "सापडली का अंगठी?"

"ती खरं बोलत होती, एवढं मी सांगतोय."

"अहो, पण कशावरून?"

"मी सांगतोय म्हणून!"

"तुम्हालाही फितवलं वाटतं तिनं," बायको भाजीची जुडी आपटत म्हणाली. "तरी म्हटलं, वाळूच्या चपलांनी कुठं जाऊन आलात. गोड बोलली असेल चार शब्द. विरघळलात."

फोरमनचा हात खिशात गेला, अंगठी बोटांना लागली. एका झटक्यात हिची बोलती बंद करता आली असती. खरं माहीत आहे, खिशात आहे, आणि समोरचं माणूस मानायला तयार नाही. त्यानं मूठ तशीच आवळून धरली आणि मुलाकडं वळला.

"तू बोल. नवरा आहेस ना तिचा? तुला काय वाटतं?"

मुलानं कप खाली ठेवला. "सापडली का बाबा?"

"मी तुला ते विचारलंय का? तुझी बायको खोटं बोलते का, ते सांग! वर्षानुवर्षं एका ताटात जेवलास तिच्याबरोबर. हो की नाही?"

"मी कसं सांगू?" मुलगा चाचरत म्हणाला. "काही पुरावा असता तर... तुम्हीच म्हणालात ना बाबा, मशीन खोटं बोलत नाही."

फोरमननं टेबलावर मूठ हाणली. कप उडाला, चहा सांडला, बायको किंचाळली. "अरे, मी म्हणालो! मी! मी गाढव आहे म्हणून तूही व्हायचंस? माझं ऐकतोस आणि तिचं ऐकत नाहीस?"

मुलगा सांडलेल्या चहाकडं बघत राहिला. एक फडकं घ्यायलासुद्धा उठला नाही.

फोरमन बाहेरच्या जिन्यावर आला. फोन काढला, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. तिनं लगेच उचलला. वाटच बघत असावी.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

थाप मारावी, असं त्याच्या मनात आलं. हो म्हणाला म्हणावं, उद्या ये म्हणावं. आली की पुढचं पुढं बघता येईल. तोंडापर्यंत आलं होतं.

"सापडली का, म्हणाले."

"दोघंही?"

"दोघंही."

"बरं," ती म्हणाली. "आता दाखवा त्यांना अंगठी. माझी वाट बघू नका."